लाकडी मुठीची गाडी आणि मागावर विणलेली गाडी

मागच्या अंकात टर्बो नसलेल्या मोठ्या इंजिनांबद्दल लिहिताना पोर्शे करेरा जीटी आणि लेक्सस एलएफए या दोन गाड्यांचा ओझरता उल्लेख केला होता. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आली की या महिन्याचं सदर त्यांनाच दिलं आहे.

प्रश्न : काका, मी कोल्हापूरला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुमचा लेख वाचल्यापासून होस्टेलवर वाद पेटलाय. मी करेरा जीटीच्या बाजूचा : ५.७ लिटर, दहा सिलिंडर, ६१२ अश्वशक्ती. रूममेट एलएफएच्या बाजूचा : ४.८ लिटर, दहाच सिलिंडर, ५६० अश्वशक्ती, पण शून्य ते शंभर माझ्या गाडीच्या आधी. तुम्ही तीस वर्षं इंजिनांच्या चाचणीत घालवलीत. श्रेष्ठ कुठली, एकदा सांगून टाका.

उत्तर : तुम्हा दोघांचेही आकडे बरोबर आहेत. आता तेच शेजारी शेजारी मांड. करेरा जीटीचं वजन १३८० किलो, एलएफएचं १४८०. म्हणजे जर्मन गाडीच्या वाट्याला टनामागे ४४० हून जास्त अश्वशक्ती येते, जपानी गाडीच्या वाट्याला ३८० सुद्धा येत नाही. या हिशेबाने तुझी पोर्शे आधी शंभरावर पोहोचायला हवी. कंपन्यांनी दिलेले आकडे मात्र उलटे आहेत : पोर्शे ३.९ सेकंद, लेक्सस ३.७. हे दोन दशांश कुठे गेले ते शोधून काढलंस तर दोन्ही गाड्या तुला कळल्या म्हणून समज.

ते गेले क्लचमध्ये आणि चालवणाऱ्याच्या डाव्या पायात.

करेरा जीटीला हाताने टाकायचे सहा गिअर आहेत. क्लच सिरॅमिकचा, दोन प्लेटांचा, आणि व्यास फक्त १६९ मिलिमीटर. पोह्यांची बशी असते ना, तेवढा. इतका लहान कशासाठी? कारण क्लच मोठा असला की त्याला जमिनीपासून वर ठेवायला इंजिनही उंच बसवावं लागतं. क्लच लहान केला आणि इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर काढून ऑइलची टाकी बाजूला नेली, म्हणजे ड्राय संप केला, की क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, पार खाली उतरतो आणि गाडीचं वजन रस्त्याला चिकटून राहतं. वळणावर त्याचा जो फायदा होतो तो कुठल्याही तक्त्यात दिसत नाही.

त्याची किंमतही आहे. क्लच आणि फ्लायव्हील हलके, त्यामुळे इंजिनाच्या फिरण्याला सांभाळून धरणारं वजनच नाही. पाय जरा चुकला की इंजिन बंद.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. २०११ मध्ये कंपनीने टेस्ट बेडच्या, म्हणजे इंजिन बांधून तपासायच्या यंत्रणेच्या, प्रशिक्षणासाठी स्टुटगार्टला पाठवलं होतं. रविवारी मी त्सुफेनहाउझेनला पोर्शेच्या संग्रहालयात गेलो. बाहेर चंदेरी करेरा जीटी उभी होती. मालक साठीचे गृहस्थ. त्यांनी गाडी सुरू केली, आपण चढावर देतो तशी थोडी रेस दिली, क्लच सोडला, गाडी मेली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढून घेतला आणि डावा पाय अगदी हळू, इंचाइंचाने वर आणला. आयडलिंग, म्हणजे रेस न देता इंजिन मंद चालू ठेवणं, ते सांभाळायचं काम इंजिनाच्या कॉम्प्युटरवर सोडलं. गाडी दुधाचं भांडं उचलावं तशी अलगद हलली. पुढच्या सिग्नलला त्यांनी इंजिन वर नेलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तो आवाज मी पुढे कितीतरी दिवस मनात धरून होतो.

काचेतून मला गिअरच्या दांड्यावरची मूठ दिसली होती. लाकडी. सगळी गाडी कार्बन फायबर, मॅग्नेशियम आणि सिरॅमिकची, आणि हातात लाकूड. पोर्शेच्या जुन्या ९१७ या रेसच्या गाडीत वजन वाचवायला बाल्सा लाकडाची मूठ बसवत, ही तिची आठवण. आणि ही मूठ खाली दोन सीटांमध्ये नाही, स्टिअरिंगच्या शेजारी, उंचावर आहे. स्टिअरिंगवरून हात उचलला की सरळ मुठीवर पडतो.

त्या इंजिनाची कथाही तुझ्या रूममेटला सांग. ते ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीसाठी चाललेल्या कामातून आलं. १९९९ मध्ये कंपनीने तो प्रकल्प थांबवला. इंजिन हाताशी आणि शर्यत नाही, अशी वेळ आली. मग त्याच्याभोवती रस्त्यावरची गाडी रचली गेली. सप्टेंबर २००० मध्ये पॅरिसला तिचा नमुना लोकांसमोर आणला तो वॉल्टर रोर्ल यांनी, रॅलीचे दोन वेळचे जगज्जेते. पुढे लाइपझिगच्या नव्या कारखान्यात, जिथे कायेन ही घरगुती वापराची उंच गाडी बनत होती, तिच्याच शेजारी करेरा जीटी जुळवली जाऊ लागली. १५०० बनवायचं ठरलं होतं, बनल्या १२७०. अमेरिकेतले एअरबॅगचे नियम बदलत होते, ते कारण देऊन कंपनीने काम आटोपलं. या गाडीत ब्रेक दाबल्यावर चाक अडकू नये म्हणून एबीएस आहे, चाक फिरकी खाऊ नये म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल आहे, पण घसरणारी गाडी सावरून देणारं स्टॅबिलिटी कंट्रोल नाही. सावरायचं तुम्ही.

आता एलएफए. तिथे क्लचचं पेडलच नाही. स्टिअरिंगमागचं पॅडल बोटाने ओढायचं, यंत्र स्वतः क्लच दाबून ०.२ सेकंदात गिअर बदलतं. उभ्या गाडीला पळवताना माणसाची चूक होण्याची जागाच काढून टाकली आहे. तुझे दोन दशांश तिथे सापडतात. म्हणून शून्य ते शंभरवरून या दोन गाड्यांची परीक्षा करू नकोस. एक गाडी म्हणते शिकून ये. दुसरी म्हणते बस, ऐक. माझी पसंती विचारली आहेस, ती खालच्या उत्तरात लिहितो, कारण तिचं मूळ तिथे आहे.

प्रश्न : दादा, आमचं घर इचलकरंजीत, चोवीस माग आहेत. मुलगा सांगतो की लेक्ससच्या कुठल्याशा महागड्या गाडीचे भाग मागावर विणले होते. मी म्हटलं गाडीचा पत्रा कोण विणतं? तुम्ही आपल्याच गावचे, म्हणून विचारते. यात काही तथ्य आहे का?

उत्तर : ताई, मुलगा खरं सांगतो. आणि हे पत्र वाचून मला फार बरं वाटलं, कारण माझे वडील तुमच्याच गावात जॉबर होते. माग बिघडला की मालक त्यांना हाक मारायचे. ते आधी पाना हातात घेत नसत. चालू मागाच्या चौकटीवर तळहात ठेवायचे, मान थोडी तिरकी करायचे आणि ऐकत उभे राहायचे. साठ मागांच्या खडखडाटात त्यांना एका मागाचा धोटा, आडवा धागा नेणारा, उशिरा पोचतोय हे कळायचं. मी पुढे आयुष्यभर इंजिनं ऐकली, ती त्यांच्या शेजारी उभं राहून शिकलेल्या कानांनी.

टोयोटा, म्हणजे लेक्ससची मूळ कंपनी, मुळात मागवाल्यांचीच. साकिची टोयोडा हे सुताराचे चिरंजीव, त्यांनी हयात माग सुधारण्यात घालवली. आपल्या साध्या मागावर धोट्यातली कांडी संपली की माग थांबवायचा आणि भरलेला धोटा टाकायचा, हे तुम्हाला रोजचं. साकिचींच्या १९२४ च्या टाइप-जी मागात धोटा चालू मागावर आपोआप बदलला जाई, आणि ताण्याचा धागा तुटला तर माग स्वतःहून थांबे. इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या मागांच्या नामांकित कंपनीने १९२९ मध्ये त्याचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. साकिचींचे चिरंजीव किइचिरो यांनी त्या मागाच्याच कंपनीत मोटारींचा विभाग काढला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली.

एलएफएचं काम २००० मध्ये सुरू झालं, हारुहिको तानाहाशी हे मुख्य अभियंता. पाच वर्षं ती गाडी ॲल्युमिनियमची होती. २००५ मध्ये, जेव्हा बरंच काम झालेलं होतं, तेव्हा त्यांनी सांगाड्याचं ॲल्युमिनियम सोडून कार्बन फायबर घ्यायचं ठरवलं. अर्धं विणलेलं बीम उतरवून नव्याने भरायचं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यातून वजन सुमारे शंभर किलोने उतरलं.

आता विणकाम. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंना जे खांब असतात, छपराचा भार घेणारे, ते आतून पोकळ हवेत, बारीक हवेत म्हणजे चालकाची नजर अडत नाही, आणि गाडी उलटली तरी चेपता कामा नयेत. ते करायला टोयोटाने गोल माग बनवला. आपल्याकडे गोफ विणतात, तो आठवा. वरून सोडलेल्या रंगीत दोऱ्या मुली हातात धरतात, एक आतून, एक बाहेरून, अशा एकमेकींना ओलांडत फेर धरतात आणि मध्ये गोफ उतरत जातो. त्या मुलींच्या जागी कार्बनच्या धाग्यांच्या बॉबिनी धरा, आणि गोफाच्या पोटात खांबाच्या आकाराचा गाभा धरा. बॉबिनी फिरतात, गाभा पुढे सरकतो, त्याच्यावर तिरप्या धाग्यांचं कापड थरावर थर चढत जातं. शिवण नाही, सांधा नाही. मग त्यात राळ मुरवून ते कडक करायचं. पोलादाहून हलका आणि तितकाच भरवशाचा खांब तयार.

करेरा जीटीचा कार्बनचा सांगाडाही उत्तम आहे, पण तो इटलीतल्या कार्बनच्या कारखान्यातून बनवून घेतला होता. टोयोटाने ती विद्या घरात आणायचं ठरवलं. आइची प्रांतातल्या मोतोमाची कारखान्यात डिसेंबर २०१० पासून दिवसाला एक, महिन्याला वीस गाड्या, आणि ५०० पुऱ्या झाल्यावर डिसेंबर २०१२ मध्ये काम बंद. प्रत्येक इंजिन एका माणसाने जुळवायचं आणि त्यावर स्वतःच्या सहीची पट्टी लावायची. अमेरिकेत तिची किंमत ३ लाख ७५ हजार डॉलर होती, आणि एवढी किंमत लावूनसुद्धा ती नफ्यासाठी बनवलेली गाडी नव्हती.

या गाडीला एका माणसाचा जीवही लागला आहे. हिरोमु नारुसे, टोयोटाचे सर्वांत अनुभवी चाचणी चालक. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष आकियो टोयोडा त्यांच्याच हाताखाली गाडी चालवायला शिकले होते. उत्पादन सुरू व्हायला सहा महिने उरले असताना, २३ जून २०१० रोजी, जर्मनीत नुर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकजवळच्या रस्त्यावर एलएफए चालवताना समोरच्या गाडीशी टक्कर होऊन ते गेले. सदुसष्ट वर्षांचे होते. पुढे पाचशेपैकी पन्नास गाड्या ‘नुर्बुर्गरिंग’ नावाने निघाल्या, ५७१ अश्वशक्तीच्या.

कोल्हापूरच्या मुलाने पसंती विचारली आहे, ती आता सांगतो. चालवण्याची गाडी म्हणून करेरा जीटी मोठी आहे, हे मला मान्य आहे. पण मी निवडेन एलएफए. ज्यांच्या घरात माग होता त्यांनी ऐंशी वर्षांनी पुन्हा माग काढला आणि त्यावर मोटारीचा खांब विणला. माझे वडील २००८ मध्ये गेले. हे त्यांना दाखवायला मिळालं असतं तर त्यांनी गाडीकडे बघितलं नसतं, आधी त्या गोल मागाच्या चौकटीवर हात ठेवला असता.

प्रश्न : मी नाशिकला हार्मोनियम शिकवते. तुमच्या लेखात ‘यामाहाने एलएफएच्या इंजिनाचा सूर लावला’ असं वाक्य होतं. ही जाहिरातीची भाषा आहे की खरंच काही केलं जातं? आणि या गाडीत इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा नाही, पडदा आहे, तो का?

उत्तर : खरंच केलं जातं, आणि तुमच्या पेटीवर ते तपासता येईल.

चार स्ट्रोकच्या दहा सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला पाच स्फोट होतात. एलएफएचं इंजिन मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत जातं, म्हणजे सेकंदाला १५० फेऱ्या, ७५० स्फोट. तीच त्याच्या आवाजाची मूळ कंपनं. आता काळी एक सा धरा, मधल्या सप्तकात ती साधारण २७७ कंपनांची. तार सप्तकातला शुद्ध मध्यम येतो ७४० च्या आसपास. म्हणजे पूर्ण वर गेलेली एलएफए काळी एकच्या तार मध्यमाच्या किंचित वर उभी असते, आणि निम्म्या फेऱ्यांवर, साडेचार हजाराला, तोच मध्यम मध्य सप्तकात लागतो. एक सप्तक चढायला तिला डोळ्याचं पातं लवण्याइतका वेळ लागतो.

नुसत्या स्फोटांनी गोडवा येत नाही, हे तुम्ही जाणताच. दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांमधला कोन ७२ अंशांचा ठेवला आहे : ७२० अंशांत दहा स्फोट, म्हणून ७२ अंशांवर एक, सगळे समान अंतराने. लय बिघडत नाही. प्रत्येक सिलिंडरला हवेची स्वतःची झडप, एकूण दहा. ज्या पेटीतून हवा आत जाते तिला यामाहाच्या लोकांनी आडव्या पट्ट्या देऊन तिचा निनाद हवा तसा करून घेतला, हार्मोनियमच्या लाकडी पेटीचा आवाजात जो वाटा असतो तोच इथे. मग तो आवाज नळ्यांमधून चालकाच्या समोर आणून सोडला. स्पीकरवर वाजवलेला नाही. यामाहाची सुरुवातही १८८७ मध्ये एका रीड ऑर्गनच्या दुरुस्तीतून झाली, आणि त्यांच्या चिन्हात आजही तीन ट्यूनिंग फोर्क आहेत.

काट्याचं कारण साधं. हे इंजिन मोकळं असताना आयडलिंगवरून ९००० ला ०.६ सेकंदात जातं. काट्याला स्वतःचं वजन असतं, तो इतक्या वेगाने धावू शकत नव्हता, मागे राहायचा. म्हणून पडदा, आणि पडद्यावर काढलेला काटा. मी टेस्ट सेलमध्ये असंख्य इंजिनं बघितली. मोजणाऱ्या काट्याला मागे टाकणारं एकही नाही.

प्रश्न : सुपरकारच्या गप्पांत माझा साधा प्रश्न बसेल का माहीत नाही. ठाण्याला राहतो, एक जुनी गाडी गावी चिपळूणला ठेवली आहे. वर्षाला हजार किलोमीटरही होत नाहीत. टायरची नक्षी नव्यासारखी आहे. मेकॅनिक म्हणतो बदला, मला तो उगाच खर्च वाटतो.

उत्तर : बसेल, आणि या सदरातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुमचा आहे. मेकॅनिकचं ऐका, पण आधी स्वतः एक गोष्ट बघा. टायरच्या बाजूच्या भिंतीवर ‘डॉट’ या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी लंबगोलात चार आकडे. २३१५ असेल तर टायर २०१५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. ही ओळ कधी कधी आतल्या बाजूला असते, गाडीखाली बॅटरी धरून बघावी लागते.

रबर चालल्याने झिजतं तसं नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन, ऊन, कोकणातली उष्णता, यांनी ते कडक होत जातं. नक्षी शाबूत दिसते, पण ओल्या रस्त्याला धरून ठेवण्याची ताकद गेलेली असते. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या, आणि दहा वर्षं झालेला टायर नक्षी कितीही खोल असली तरी काढा.

वर ज्या करेरा जीटीबद्दल लिहिलं तिचं उदाहरण देतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात सांता क्लॅरिटा इथे अभिनेते पॉल वॉकर आणि गाडी चालवणारे त्यांचे मित्र या गाडीच्या अपघातात गेले. तपासात वेग ताशी १३० ते १५० किलोमीटरच्या दरम्यान निघाला, त्या रस्त्याची मर्यादा ताशी ७२. अपघाताचं कारण म्हणून वेगच नोंदला गेला. पण गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते, हेही त्या तपासात पुढे आलं. क्वचित चालणाऱ्या मोलाच्या गाड्यांचं असंच होतं, टायर झिजत नाहीत म्हणून कुणी बदलत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. २०२४ मध्ये पोर्शेने त्याच वीस वर्षं जुन्या करेरा जीटीसाठी मिशेलिनकडून नवे टायर बनवून घेतले आणि शर्यतीचे चालक योर्ग बेर्गमाइस्टर यांनी नुर्बुर्गरिंगचा २०.८ किलोमीटरचा फेरा ७ मिनिटं १२.६९ सेकंदांत मारला. जुन्या टायरवर याच गाडीला सोळा सेकंद जास्त लागले होते. इंजिन तेच, क्लच तोच, लाकडी मूठही तीच.

तुम्ही चिपळूणला गेलात की आधी स्टेपनीचे चार आकडे बघा. ती गाडीसोबत आलेली तशीच असेल तर तिचं वय गाडीइतकंच आहे, आणि घाटात रात्री टायर पंक्चर झाला तर तुम्ही तीच लावणार आहात.